देरच्या देवळाचं रखडलेलं काम

साइटवर आपला माणूस नसला की काम कसं चालतं हे ज्याने घर बांधलंय त्याला सांगायला नको. इ.स.पू. 670 च्या आसपास मार-इस्सार नावाच्या अधिकाऱ्याने असीरियाचा (आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) राजा एसरहद्दोनला मातीच्या पाटीवर नेमकं हेच लिहून पाठवलंय, की देर गावच्या देवळाचा पाया घातल्यापासून तिथला मुख्य पुजारी आणि अधिकारी काम एकमेकांवर ढकलतायत, यंदा कुठे सुरुवात झाली तर एक दिवस काम करतात आणि दुसऱ्या दिवशी सोडून देतात.

हा मार-इस्सार म्हणजे बाबिलोनियातला, म्हणजे असीरियाच्या ताब्यातल्या दक्षिण इराकमधला, राजाचा डोळा. उरुक शहरात कुठल्या मूर्तीचं सोन्याचं काम राहिलंय इथपासून आकाशात गुरू कधी दिसला इथपर्यंत सगळं कळवायचा.

आता देवळं सारखी दुरुस्तीला का यायची? कारण माती. भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, मातीत भुस्सा कालवलेला, कारण माती वाळताना आकसते आणि भुस्सा नसेल तर एकच मोठी भेग पडते, असेल तर ताण वाटला जातो. पण खरा शत्रू पाऊस नाही, जमिनीतली ओल. दक्षिण इराकची जमीन खारट, ओल भिंतीत वर चढते, पाणी उडून जातं आणि मागे राहिलेल्या मिठाचे खडे तयार होताना विटेचे पापुद्रे सुटतात, त्यामुळे भिंत नेमकी तळाशी खंगते. म्हणून तळाला भाजलेल्या विटा आणि नैसर्गिक डांबर लावायचे. पण भट्टीला सरपण लागतं, आणि तिकडे झाडं कमी, मग खर्च.

बाबिलोन या मुख्य शहराचं प्रकरण मात्र वेगळं. ते एसरहद्दोनच्या बापाने, सेन्नाखेरिबने, इ.स.पू. 689 मध्ये उद्ध्वस्त केलं होतं. एसरहद्दोनच्या शिलालेखांनुसार तिथल्या मुख्य देवाने, मर्दुकने, शहर 70 वर्षं ओसाड राहील असं लिहिलं होतं, मग देवाला दया आली आणि त्याने आकडा उलटा केला. क्यूनिफॉर्म, म्हणजे ओल्या मातीवर खुणा दाबून लिहायच्या लिपीत 60 ला आणि 1 ला एकच उभी खूण, 10 ला कोनासारखी वेगळी. उभी खूण आधी आणि कोन नंतर म्हणजे 70, जागा बदलल्या की 11. झालं, 11 वर्षांत परवानगी! बापाची चूकही काढायला नको आणि काम पण सुरू, हुशार माणूस होता कोणीतरी दरबारात.

मग मर्दुकच्या एसागिला देवळासाठी विटांचे साचे हस्तिदंताचे आणि आबनूसचे, चिखलात तेल, मध, तूप, बिअर, वाइन. राजा म्हणतो मी स्वतः डोक्यावर टोपली घेतली. त्याचा मुलगा असुरबनिपाल याचं तसंच टोपली घेतलेलं दगडी शिल्प बाबिलोनला सापडलं, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

देरला ना हस्तिदंत ना राजा. गाव एलामच्या (आजच्या इराणमधलं राज्य) सीमेजवळ, आणि तिथे कामात चालढकल. मार-इस्सारने ओरडाआरडा न करता सरळ मागणी टाकली: एक अंगरक्षक पाठवा आणि असीरियाहून एक मुख्य गवंडी पाठवा, दोघांनीही देरलाच मुक्काम करायचा.