शॅकमधला अंधार

गेल्या डिसेंबरात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतली तीन घरं रात्रीची कोकणकन्या पकडून उत्तर गोव्यातल्या मोरजीला जाऊन आली. तिघांची कुरकुर एकच: समुद्रावरच्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खाणावळीत, इतका अंधार की सुरमईतला काटा दिसेना! आम्ही गेलो तेव्हाही तेच. आठच्या सुमारास पोऱ्याने पाण्याच्या बाजूचे दिवे मालवले आणि पुढची टेबलं मागे ओढली. थोड्या अंतरावर वाळूत जाळीचं कुंपण, त्यावर पाटी, पाटीवर तारीख आणि अंड्यांचा आकडा.

मोरजीचा टेंब म्हणजे शापोरा नदी समुद्राला मिळते तो कोपरा. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री इथे वर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, अंगाने वाळू थापटून बसवते आणि निघून जाते. पिल्लांशी तिची भेट होत नाही. पूर्वी ही अंडी सर्रास काढली जायची, खाल्ली जायची, बाजारात विकलीही जायची. 1972 चा वन्यजीव कायदा आला तरी वाळूवर पहारा नव्हता. तो बसला 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, वनखात्याने गावातल्याच लोकांना हाताशी धरलं तेव्हा.

शॅकची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी, पुढे परदेशी चार्टर विमानं. कळंगुट-बागा भरून गेल्यावर पर्यटक उत्तरेला सरकले. 1998 मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि आपण ठाणेकरही एका रात्रीच्या अंतरावर आलो.

किनाऱ्यावरच्या बांधकामांना 1991 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने लगाम घातला. 2011 च्या अधिसूचनेत तर गंमतच आहे. गोव्यासाठीच्या खास तरतुदींमध्ये सप्टेंबर ते मे या काळातल्या तात्पुरत्या, हंगामी शॅकना मुभा आहे. आणि तिथेच मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग हे किनारे कासवांचे म्हणून राखून तिथे विकासकामांना मनाई आहे. म्हणजे कासवांचा अख्खा हंगाम शॅकच्या हंगामात बसतो. भांडण कागदावरच ठरलेलं होतं म्हणा ना.

दिव्यांचं कारण सरळ आहे. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, तीही बहुधा रात्री, आणि उजेडाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ बाजू समुद्राचीच असते. शॅकमध्ये ट्यूबलाइट लखलखत असली की ती समुद्राऐवजी थेट आपल्या टेबलाखाली येतात. वाळूवर राहिलेल्या खुर्च्या मादीची वाट अडवतात.

आमच्या रत्नागिरीतल्या वेळासला हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांचं काम सुरू केलं, आणि पाहुणे जेवतात ते गावातल्या घरांत, पडवीत. वाळूवर यायचं ते फक्त कासवं बघायला.

उरलं खरकटं. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी कुत्र्याला बांगड्याचं डोकं टाकलं, तर पोऱ्या धावत आला आणि ते उचलून झाकणाच्या बादलीत टाकलं. "काकू, नका हो. याला इथली सवय लागली की हा रात्री जाळीखाली उकरतो." काकू जरा फुरंगटल्याच. कुत्रा मात्र बादलीजवळ जाऊन बसला.