मत्स्यशेतीतील प्रतिजैविके : शोषण व उत्सर्जन

पाळीव मासे व कोळंबी यांच्या शरीरात जीवाणुरोधी औषध शिरणे, पसरणे आणि बाहेर पडणे. कोकणात हा विषय मुख्यतः निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी आणि खाजणातला (भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतला) जिताडा मासा यांच्या संदर्भात येतो. औषध बहुधा खाद्याच्या गोळ्यांना तेलाने चिकटवून देतात. जिताडा गोळी गिळून टाकतो. कोळंबी ती पायांत धरून कुरतडत बसते आणि तेवढ्यात औषध पाण्यात उतरते. आजारी जीव तर खाणेच सोडतो.

शोषण पाण्याच्या खारेपणावर बरेच अवलंबून असते. गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसे पीत नाही, खाऱ्या पाण्यातला सतत पितो. त्याबरोबर आतड्यात आलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला जखडतात आणि ते न शोषताच विष्ठेवाटे जाते. मुळातच त्याचे शोषण कमी. कार्प व ट्राउटमध्ये ते दहा टक्क्यांच्या आत आढळले आहे. उलट अटलांटिक सॅमनमध्ये फ्लॉरफेनिकॉल हे दुसरे प्रतिजैविक जवळजवळ पूर्ण शोषले जाते. खाजणाचे पाणी मे महिन्यात चांगलेच खारट आणि श्रावणात मचूळ असते. तेव्हा एकच मात्रा बारा महिने सारखी लागू पडेल असे धरता येत नाही.

उत्सर्जन पित्त, मूत्र व कल्ले यांवाटे होते. कोळंबीत यकृत-स्वादुपिंड (दोन्हींचे काम करणारा एकच अवयव) महत्त्वाचे. औषध थांबवल्यापासून काढणीपर्यंतचा काळ कसा मोजावा, याविषयी मतभेद आहेत. युरोपीय संघाच्या जुन्या नियमात, विशिष्ट मुदत ठरलेली नसल्यास किमान ५०० अंश-दिन (पाण्याचे तापमान गुणिले दिवस) धरत : १०° से. ला ५० दिवस, २८° से. ला सुमारे १८. ऊब वाढली की चयापचय वाढतो, हा त्यामागचा आधार. मात्र हे प्रमाण सरळ रेषेत चालतेच असे नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन हाडांत व खवल्यांत साठते, क्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके त्वचेतील कृष्णरंजकाला (मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याला) चिकटतात. म्हणूनच अवशेष त्वचेसह मांसात तपासतात. शिवाय हे गणित मुख्यतः थंड पाण्यातील माशांवरून बसवलेले आहे. त्यामुळे उष्ण किनाऱ्यावर आकडेमोडीपेक्षा काढणीपूर्वी नमुना तपासणे अधिक भरवशाचे वाटते.

क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरॅन या जीवाणुरोधी औषधांच्या मत्स्यशेतीतील वापरास भारतात बंदी आहे. नायट्रोफ्युरॅनचे मूळ रूप काही तासांत नाहीसे होते. प्रथिनांना जखडलेले त्याचे अवशेष आठवडेच्या आठवडे राहतात, आणि प्रयोगशाळा शोधते ते हेच.