पाण्याला जेमतेम टेकलेली बोट

जमिनीवरच्या वेगाचा विक्रम ताशी १,२२८ किलोमीटरच्या घरात आहे आणि तो १९९७ सालचा आहे. पाण्यावरचा विक्रम त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही बोट ताशी ५११.११ किलोमीटर वेगानं पळवली. त्यानंतर हा आकडा हललेला नाही. लागणारं इंजिन मिळत नाही असं नाही, जुन्या लढाऊ विमानाचं इंजिन त्यासाठी पुरतं. वॉर्बी यांनी तर हवाई दलानं मोडीत काढलेलं वेस्टिंगहाउस जे-३४ इंजिन लिलावात घेतलं होतं, आणि लाकूड, प्लायवुड, फायबरग्लास वापरून घरामागच्या अंगणात बोट बांधली होती. अडतं ते दुसरीकडेच.

आधी पाण्याचं बघू. पाणी हवेपेक्षा ८०० पटींहून अधिक घन असतं. ताशी ५०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ मीटर. या वेगानं समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १.२ टन भरतो, आणि पाण्याचा जवळजवळ ९८० टन. काडेपेटीचा मोठा पृष्ठभाग या वेगानं पाण्यात सरळ आडवा धरला, तर त्याच्यावर पावणेदोन टनांच्या आसपास जोर येईल. त्यामुळे पहिला नियम सोपा आहे. पाण्यात जितकं कमी बुडेल तितकं बरं.

म्हणूनच विक्रमी बोटी पाणी कापत जात नाहीत, पाण्यावरून घसरत जातात. तळ सपाट असतो. पुढे दोन्ही अंगांना स्पॉन्सन नावाचे बुटके पाय काढलेले असतात आणि मागे तिसरा टेकू असतो. पूर्ण वेगात बोट या तीन ठिकाणीच पाण्याला शिवते, आणि तेही तळहातांत मोजावं इतक्याच जागेत. बाकीचा तळ हवेत असतो.

प्रोपेलरच्या जमान्यात मोठी अडचण होती ती पाण्याखालच्या लोखंडाची. दांडा, त्याचा आधार आणि पंखा हे सगळं पाण्यात राहायचं आणि बोटीला मागे ओढायचं. त्यात कॅव्हिटेशनची भर. पात्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका उतरतो की पाणी थंडच असताना तिथल्या तिथे उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे सरकून फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. साधं गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं की वाहत्या पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाएवढा होतो, म्हणजे कॅव्हिटेशनची हद्द तिथूनच सुरू होते. पाण्याखालच्या पंखांवर बोट उचलून धरण्याची हायड्रोफॉइलची युक्तीही इथेच अडकते. १९१९ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूच्या एचडी-४ या हायड्रोफॉइलनं कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला होता. पण पुढच्या वेगांना पाण्यातल्या पंखांची पाठ वाफेनं झाकली जाते आणि उचल ढासळते.

१९५० साली सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन ४’ या बोटीनं यातून एक वाट काढली. तिचा पंखा मुद्दाम अर्धा पाण्याबाहेर ठेवलेला असे. दोन स्पॉन्सन आणि पंख्याचा खालचा अर्धा भाग, या तिन्हींवर बोट तोललेली. ताशी २२८ किलोमीटरचा जुना विक्रम तिनं एका दमात २५८ वर नेला. जेट आलं तेव्हा पंखाच गेला आणि पाण्यात फक्त सुकाणू व एखादी फिन, म्हणजे बोट सरळ धरणारी उभी पाती, उरली. ही पाती विमानाच्या पंखासारखी मागे निमुळती नसते. ती पाचरीसारखी असते, पुढे धारदार आणि मागे बोथट, म्हणजे तिच्या मागे वरून हवा खाली उतरून कायमची एक पोकळी धरते. पोकळी होऊ नये म्हणून झगडत बसण्यापेक्षा ती कुठे व्हावी हे आपणच ठरवून टाकायचं, असा हा हिशेब आहे.

पाण्याची ओढ अशी कमी करत आणली की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि माणसं मेली ती बहुतेक याच प्रश्नापायी. दीड टनाची बोट घ्या, तळ आठ चौरस मीटरचा. ताशी ५०० ला हवेचा दाब चौरस मीटरला १.२ टन, म्हणजे आख्ख्या तळाला साडेनऊ टन. त्यातला सहावा हिस्सा उचल म्हणून कामी आला तरी बोट हवेत जाईल. विमानाचा पंख उड्डाणाच्या वेळी याच्या कितीतरी पट उचल देतो. बोटीच्या सपाट तळाला एवढ्याशासाठी पंख असायची गरजही नाही, नाक थोडं वर झालं की पुरतं. थोडक्यात, हे एक विमान आहे आणि त्यानं उडायचं नाही, एवढंच त्याला सांभाळायचं आहे.

गंमत अशी की अभियंत्याला थोडी उचल हवीही असते. हवेनं भार पेलला की पाण्यावरचा भार कमी होतो आणि ओढही कमी होते. पण नाक जसजसं वर जातं तसतशी उचल वाढते, आणि ती वाढ गुरुत्वमध्याच्या पुढच्या बाजूला होते. म्हणजे नाक आणखी वर जातं. एका ठरावीक कोनापलीकडे हे थांबत नाही आणि बोट पाठीवर पालथी होते. ब्रिटिश विक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या ‘ब्लूबर्ड के-७’ या जेट बोटीसाठी हा कोन पाच-सहा अंशांच्या आसपास धरला जातो. पुढच्या आणि मागच्या टेकूत पाच मीटरचं अंतर आहे असं समजा. पुढचा टेकू वीतभर वर गेला की अडीच अंश खर्ची पडले. अर्धी मर्यादा एका वितेत संपते.

ही वीत लाट देते. पाण्यावर दर मीटरला एक तरंग असेल तर १३९ मीटर प्रतिसेकंद वेगानं बोटीच्या तळाला सेकंदाला १३९ ठोके बसतात. तरंग बोटभर उंचीचे असले तरी चालकाला दगडी फरशीवरून लोखंडी चाकाची गाडी हाणल्यासारखं वाटतं. ठोक्यांची लय बोटीच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली की दोन रोग जडतात. एकात नाक वरखाली होऊ लागतं आणि प्रत्येक हेलकावा मागच्यापेक्षा मोठा होत जातो. दुसऱ्यात डावा आणि उजवा स्पॉन्सन आळीपाळीनं पाणी सोडतात, जणू बोट धावताना पाय आपटते आहे. दोन्हींवर धावेदरम्यान हाताशी असलेला उपाय एकच, वेग कमी करणं. आणि त्यातही एक गोम आहे.

जेटचा जोर गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल तर तो नाक खाली दाबून धरतो. तो जोर एकदम बंद झाला, मग चालकानं पाय काढला म्हणून असो किंवा इंजिन विझलं म्हणून, की हे दाबून धरणं नाहीसं होतं आणि नाक वर उसळतं. भीती वाटली की पाय काढावा, ही मोटारीची सवय इथे घातक ठरते. थ्रॉटल हळूहळू आत घ्यावा लागतो.

४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन वॉटर या इंग्लंडमधल्या तळ्यावर हे सगळे धागे एकत्र आले. कॅम्पबेल यांच्या नावावर १९५५ ते १९६४ दरम्यान सात विक्रम जमा होते, शेवटचा ताशी ४४४.७१ किलोमीटरचा. आता ताशी ३०० मैल, म्हणजे ४८३ किलोमीटर ओलांडायचे होते. के-७ ला या खेपेस नॅट विमानात असतं ते ऑर्फियस इंजिन बसवलं होतं. पहिली धाव ताशी ४७८.९ ची झाली. नियम असा आहे की मोजलेल्या किलोमीटरवरून एका तासाच्या आत दोन्ही दिशांना जायचं, आणि दोन धावांची सरासरी हाच विक्रम. वारा किंवा प्रवाह यांचा एका बाजूचा फायदा त्यात पुसला जातो. नेहमीची पद्धत म्हणजे टोकाला थांबायचं, इंधन भरायचं, लाटा विरू द्यायच्या. कॅम्पबेल तसे थांबले नाहीत, लगेच परतले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पूर्ण वेगातली बोट मागे फारशी लाट सोडत नाही, कारण ती पाण्याला जेमतेम शिवलेली असते. मोठी लाट उठते ती वेग उतरून बोट पुन्हा पाण्यात बसते आणि वळते तेव्हा. म्हणजे मार्गाचं टोक हीच सगळ्यात खळबळीची जागा, आणि परतीची धाव तिथूनच सुरू होते. त्यात के-७ ला पाण्यात खाली उतरणारा हायड्रॉलिक ब्रेकही होता, तोही पाणी ढवळून ठेवतो. परतीच्या धावेत वेग ताशी ५२८ किलोमीटरच्या आसपास पोचला होता. बोट उसळू लागली, इंजिनाचा जोर गेला, नाक वर आलं ते आलंच. बोट हवेत उलटून पाण्यावर आपटली. नंतरच्या विश्लेषणांत लाटा, वाढलेला वेग आणि गेलेला जोर या तिन्हींचा हिशेब मांडला जातो, कुणाचा वाटा किती यावर मात्र अजून वाद घातला जातो. बोटीचे अवशेष मार्च २००१ मध्ये तळातून वर काढले गेले.

लाटेचा धडा नवा नव्हता. २९ सप्टेंबर १९५२ ला स्कॉटलंडच्या लॉख नेसवर जॉन कॉब यांच्या ‘क्रुसेडर’ या जेट बोटीनं मोजलेलं अंतर ताशी ३३३ किलोमीटरच्या सरासरीनं पार केलं. मग ती लाटांच्या पट्ट्यात शिरली, पुढचा टेकू कोसळला आणि बोटीचे तुकडे झाले. धाव एकाच दिशेची, म्हणून विक्रमही नाही. त्याआधी १३ जून १९३० ला विंडरमियरवर हेन्री सीग्रेव्ह यांनी विक्रम केला आणि त्याच दिवशी पुढच्या धावेत त्यांच्या ‘मिस इंग्लंड २’ ला पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका लागला, असं मानलं जातं. म्हणून धावेआधी मार्ग धुंडाळावा लागतो. धुंडाळायला बोटी फिरवायच्या, आणि त्या बोटींनीच उठवलेल्या लाटा विरेपर्यंत पुन्हा वाट बघायची. तोवर सकाळचं निवांत पाणी संपून वारा सुटलेला असतो. अशा मोहिमांत आठवडेच्या आठवडे नुसते हवामान बघण्यात जातात ते यामुळे.

धावेची सुरुवातही सोपी नसते. उभी बोट साध्या होडीसारखी पाण्यात बसलेली असते. तिला तळावर चढवायचं, म्हणजे पाण्यावरून घसरायला लावायचं, तर एक उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तिथे ओढ सगळ्यात हट्टी असते. नाक वर, शेपटी खाली, चहूकडे फवारा. हा फवारा जेटच्या तोंडात गेला की आतली ज्वाला विझते. के-७ च्या १९५५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत नेमकं हेच झालं. स्पॉन्सन धरणारी पुढची आडवी तुळई वर उचलावी लागली आणि फवारा अडवायला पत्रे लावावे लागले. वजन सेंटिमीटरनं पुढे-मागे करणं हे इथलं रोजचं काम. मागे वजन वाढवलं तर नाक हलकं होतं, बोट तळावर लवकर चढते पण वेगात उलटायला टपून राहते. पुढे वाढवलं तर वेगात शांत, पण उंबरठ्यावर नाक खुपसून बसते.

उलटल्यावर माणूस वाचावा यासाठी शर्यतीच्या हायड्रोप्लेननी, म्हणजे अशाच पाण्यावरून घसरणाऱ्या बोटींनी, १९८० च्या दशकात मोठी मजल मारली. एफ-१६ विमानाची काचेची कुपी बसवलेलं बंद कॉकपिट, अनेक पट्ट्यांचा हार्नेस, प्राणवायूचा पुरवठा आणि बोट पालथी पडली तर बाहेर यायला तळातलं दार. पण या शर्यतींचा वेग विक्रमापेक्षा बराच कमी असतो. दुप्पट वेगाला आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि पाण्याला बाजूला सरायला वेळच मिळत नसल्यामुळे ते काँक्रीटसारखं वागतं. वॉर्बी यांच्यानंतर विक्रमाच्या मागे लागलेले ली टेलर १९८० मध्ये लेक टाहोवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रॉकेट-बोटीत मरण पावले, आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सन तळ्यावर जेट बोटीत.

जोर वाढवून पुढे जायचं तर गणित असं बसतं. वेग १० टक्क्यांनी वाढवायला ओढ सुमारे २१ टक्के वाढते, शक्ती ३३ टक्के लागते, आणि उचलही तशीच २१ टक्क्यांनी वाढते. इंजिन मोठं घेतलं की पहिल्या दोन आकड्यांची सोय होते, तिसऱ्याची होत नाही. केन वॉर्बी यांचे पुत्र डेव्हिड यांनी ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया २’ मध्ये जे-३४ सोडून त्याहून ताकदवान ऑर्फियस बसवलं आहे, म्हणजे के-७ मध्ये शेवटी होतं त्याच घराण्यातलं इंजिन. तिच्या चाचण्या ब्लोअरिंगवरच झाल्या, आणि त्यांत दर खेपेला वेग थोडाच वाढवून, तपासून मगच पुढे जायचं अशी रीत ठेवली होती. केन वॉर्बी २०२३ मध्ये वारले. त्यांची मूळ बोट सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे.