आयकिडोतल्या जपानी संज्ञा

आयकिडो ही जपानी युद्धकला मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी दाइतो-र्यू नावाच्या जुन्या जुजुत्सु शैलीच्या पायावर उभी केली आणि १९४२ पासून ती अधिकृतपणे याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योतल्या होम्बू दोजोतून म्हणजे मुख्य केंद्रातून (दोजो म्हणजे सरावाची जागा) शिक्षक परदेशात गेले आणि जाताना आपली भाषाही घेऊन गेले, त्यामुळे आज क्लास पुण्यात असो, पॅरिसला असो नाहीतर ब्राझीलमध्ये, हल्ल्यांची, तंत्रांची आणि रीतिभातीची नावं सगळीकडे जपानीच आहेत. बाकीचं समजावणं लोकल भाषेत चालतं, पण नाव मात्र जपानी. याचा फायदा असा की भाषा न येणारा माणूससुद्धा दुसऱ्या देशातल्या क्लासमध्ये जाऊन निवांत सराव करू शकतो.

नवीन माणसाच्या हातात शब्दांची लांबलचक यादी पडली की तो घाबरतो, पण खरं सांगायचं तर ती यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही, कारण मुळात सुटे तुकडे थोडेच आहेत आणि तेच तेच जोडून सगळी नावं बनतात. तुकडे ओळखता आले की न ऐकलेलं नावही बऱ्यापैकी उलगडतं. उदाहरणार्थ सेन्सेई म्हणजे शिक्षक म्हणाले 'काताते-दोरी शिहो-नागे ओमोते', तर आधी हल्ला येतो, मग त्याला दिलेलं उत्तर, आणि शेवटी दिशा. काताते म्हणजे एक हात, दोरी म्हणजे धरणं (आपल्या दोरीशी काही संबंध नाही), शिहो म्हणजे चारी दिशा, नागे म्हणजे फेकणं, आणि ओमोते म्हणजे समोरच्या बाजूने. बसून करायचं असेल तर सगळ्यात आधी 'सुवारी-वाझा' लावतात. झालं, आख्खी सूचना चार-पाच शब्दांत.

आता धरण्याला मूळ शब्द 'तोरी' आहे, तो जोडशब्दात 'दोरी' होतो. तसंच काएशीचं गाएशी होतं म्हणून कोते-गाएशी, म्हणजे मनगट उलटवणं. ताचीचं (उभं राहणं) दाची होतं म्हणून हान्मी-हान्दाची, ज्यात एक जण गुडघ्यावर बसलेला आणि दुसरा उभा असतो. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो हे शाळेत शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको, नियम हुबेहूब तोच नाही पण कानाला ओळखीचा लागतो. गंमत म्हणजे तंत्र करणाऱ्यालाही बऱ्याच क्लासमध्ये 'तोरी' म्हणतात, आणि इकडे काताते-दोरीमध्ये धरणारा मात्र समोरचा असतो, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतोच. म्हणून असेल किंवा नसेल, पण पुष्कळ ठिकाणी तोरीऐवजी 'नागे' म्हणजे फेकणारा असंच म्हणतात.

समोरचा तो 'उके'. हा शब्द नीट समजून घ्यायला हवा कारण बघणाऱ्याला वाटतं उके म्हणजे हरणारा. मूळ क्रियापद उकेरु, म्हणजे स्वीकारणं, घेणं. उके आधी खराखुरा हल्ला करतो, मग येणारं तंत्र अंगावर घेतो आणि इजा न होता त्यातून बाहेर पडतो, आणि हे जे अंगावर घेण्याचं कौशल्य त्याला 'उकेमी' म्हणतात. पुढे लोळण घेणं माए-उकेमी, मागे पडणं उशिरो-उकेमी, कडेला योको-उकेमी, आणि हवेतून उलटून पडणं तोबी-उकेमी, जी बघायला भारी वाटते पण नवख्याने तिच्या नादी लागू नये. सरावाचा निम्मा वेळ उके म्हणूनच जातो, कारण जोडीतले दोघं आलटून पालटून भूमिका बदलतात. आयकिकाई या मुख्य संस्थेच्या परंपरेत स्पर्धाच नसतात, त्यामुळे हरणं-जिंकणं हा हिशोबच इथे लागू होत नाही. केन्जी तोमिकी यांच्या शाखेने स्पर्धा आणल्या, तो अपवाद.

हल्ल्याची नावं दोन गटांत पडतात, धरणं आणि मारणं. र्योते-दोरीत दोन्ही हात धरतात, मोरोते-दोरीत दोन हातांनी एक हात, काता-दोरीत खांदा, आणि नावाच्या पुढे उशिरो लागलं तर मागून. मारण्यात शोमेन-उची म्हणजे डोक्यावर सरळ वरून, योकोमेन-उची म्हणजे डोक्याच्या बाजूला तिरकं, आणि त्सुकी म्हणजे ठोसा किंवा भोसकणं. शोमेन आणि योकोमेन हे उघड उघड तलवारीचे वार आहेत, फक्त तलवारीच्या जागी हाताची कड आलीये, म्हणून मुष्टियुद्ध बघितलेल्याला ते विचित्र वाटतात.

तंत्रांपैकी पाच तर चक्क आकड्यांवर आहेत, इक्क्यो, निक्यो, सान्क्यो, योन्क्यो, गोक्यो, म्हणजे पहिला धडा, दुसरा धडा असंच. इक्क्योला उदे-ओसाए म्हणजे हात दाबून धरणं असंही वर्णन करणारं नाव आहे, पण बोलण्यात आकडाच चालतो. अंग ताणताना मोजणी 'इची, नी, सान, शी, गो' अशी होते, पण चौथ्या धड्याला शिक्यो कोणी म्हणत नाही, योन्क्योच, कारण चारला जपानीत दोन उच्चार आहेत आणि 'शी' मृत्यूच्या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून पुष्कळ ठिकाणी टाळतात. शिहो-नागेत मात्र तोच शी बिनधास्त बसलाय.

दिशेच्या शब्दांवरच आयकिडो उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. 'इरिमी' म्हणजे हल्ल्याच्या आत शिरणं, 'तेन्कान' म्हणजे वळून त्याला वाट करून देणं. ओमोते आणि उरा हे जपानीत कापडाच्या सुलट आणि उलट बाजूलाही वापरतात, इथे ओमोते म्हणजे उकेच्या समोरून आणि उरा म्हणजे त्याच्या पाठीमागे जाऊन. उभं राहण्याची तिरकी पद्धत 'हान्मी', दोघांचा एकच पाय पुढे असेल तर आय-हान्मी, वेगवेगळा असेल तर ग्याकु-हान्मी. दोघांमधल्या अंतराला 'मा-आय' म्हणतात आणि ते चुकलं की पुढचं काहीच जमत नाही.

रीतीचे शब्द क्लासच्या दोन टोकांना येतात. तातामीवर म्हणजे सरावाच्या चटईवर सेइझात (वज्रासनासारखं बसून) शोमेनकडे म्हणजे समोरच्या भिंतीवर असलेल्या उएशिबांच्या फोटोकडे वाकायचं आणि मग एकमेकांना 'ओनेगाई-शिमास' म्हणायचं, याचा अर्थ साधारण 'कृपा असू द्या, सांभाळून घ्या'. शेवटी 'दोमो आरिगातो गोझाइमाश्ता' म्हणजे 'खूप आभार', आणि हे भूतकाळात आहे कारण शिकवून झालेलं असतं. खुद्द दोजो हा शब्द आपल्याकडून फिरून आलेला आहे, बुद्धांना बोध झाला त्या जागेला संस्कृतात बोधिमंड म्हणतात, त्याचं चिनी भाषांतर जपानीत दोजो म्हणून वाचलं जातं.

'की', 'कोक्यू', 'झान्शिन' या शब्दांभोवती मात्र धुकं जास्त आहे. कोक्यू म्हणजे श्वास, पण कोक्यू-नागे नावाखाली डझनभर वेगवेगळ्या फेका येतात, स्वतंत्र नाव न मिळालेल्या सगळ्यांचा तो इत्यादी कप्पा झालाय. की म्हणजे प्राणशक्ती म्हणावं की नुसती एकाग्रता यावर शिक्षकांचं एकमत नाही. कोइची तोहेई यांनी कीवरच भर देऊन १९७१ मध्ये वेगळी संस्था काढली आणि १९७४ मध्ये ते आयकिकाईतून बाहेर पडले, त्यामुळे या शब्दावरून वाद हा काही नुसता पुस्तकी नाही. झान्शिन त्या मानाने सोपा, फेकून झाल्यावरही लक्ष सुटू न देणं.

शस्त्रांत बोक्केन (लाकडी तलवार), जो (साधारण १२८ सेंमीची काठी) आणि तांतो (सुरा, सरावात लाकडी) एवढे तीन शब्द पुरतात. त्यांना दोरी जोडलं की हिसकावून घेण्याची तंत्रं होतात, ताची-दोरी (इथे ताची म्हणजे तलवार), जो-दोरी, तांतो-दोरी.

उच्चाराबाबत मराठी माणूस नशीबवान आहे, पण आपण इंग्रजीतून वाचतो तिथे घोटाळा होतो. जपानीत आपला ट आणि ड नाहीच, त्यामुळे डोजो, टेंकान, टॅन्टो हे सगळे त आणि द ने म्हणायचे. खरं तर आयकिडोसुद्धा आयकिदोच, पण आता ते रूढ झालंय. 'त्सु' इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातो, आपल्याला चूक, चमचा यातला च म्हटला की काम झालं. हान्मीचा उच्चार प्रत्यक्षात हाम्मी ऐकू येतो.

दर्जे क्यू आणि दान असे दोन. क्यू उलटे मोजतात, पाचव्यापासून पहिल्यापर्यंत, आणि त्यानंतर शोदान, म्हणजे काळा पट्टा. शो म्हणजे सुरुवात, त्यामुळे काळा पट्टा म्हणजे सगळं आलं हा सिनेमातला समज इथे टिकत नाही. मग निदान, सान्दान, योन्दान असं वर चढत जातं. हाकामा नावाचा तो घेरदार, सात चुण्यांचा पोशाख बऱ्याच दोजोत शोदाननंतरच मिळतो, काही ठिकाणी आधीपासून.

शाखा बदलली की शब्दही बदलतात. गोझो शिओदा यांच्या योशिन्कानमध्ये नागेला 'शिते' म्हणतात, काताते-दोरीला काताते-मोची, इक्क्योला इक्काजो, आणि ओमोते-उराच्या जागी सरळ इची आणि नी, म्हणजे पहिला आणि दुसरा प्रकार. तिथे शिकलेला माणूस आयकिकाईच्या क्लासला आला तर पहिले काही दिवस अंग बरोबर हलवतो पण नाव ऐकून गडबडतो.