सोडी वेगळी, डस्ट बोल वेगळा: प्रेअरीच्या जुन्या फोटोंमधला घोळ

मातीच्या ढेकळांचं बुटकं घर (म्हणजेच 'सोडी'), दारासमोर ओळीनं उभं कुटुंब, कोणाच्याच चेहऱ्यावर हसू नाही, आणि खाली ओळ: 'डस्ट बोलचे भीषण दिवस'. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून, इतिहासप्रेमी मित्रांकडून हा फोटो माझ्याकडे सारखा येतो. बहुतेक वेळा तो डस्ट बोलचा नसतोच. तो असतो १८८० च्या दशकातला, नेब्रास्काच्या कस्टर काउंटीतला, सॉलोमन बुचर या फोटोग्राफरनं काढलेला. धुळीची वादळं यायला तेव्हा जवळपास पन्नास वर्षं बाकी होती.

डस्ट बोल आपल्याला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. १९३० च्या दशकातला दुष्काळ. ओक्लाहोमा आणि टेक्सासचे चिंचोळे पट्टे, नैर्ऋत्य कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो आणि ईशान्य न्यू मेक्सिको हा त्याचा गाभा. १४ एप्रिल १९३५ चा 'काळा रविवार', धुळीच्या सगळ्यात कुप्रसिद्ध वादळाचा दिवस. गव्हासाठी गवताळ जमीन उलथून टाकली, पाऊस गेला आणि माती वाऱ्यावर उडाली. हे पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच गोंधळ होतो. प्रेअरी, म्हणजे मध्य अमेरिकेतला गवताळ माळ, म्हटलं की हेच एक चित्र डोळ्यांपुढे येतं आणि दुसरा प्रत्येक फोटो त्यात कोंबला जातो.

वरवरचे फरक सोपे आहेत. मोटारगाडी दिसली तर फोटो बुचरच्या सुरुवातीच्या फोटोंपैकी नाही. त्याचे फोटो काचेच्या निगेटिव्हवरचे आहेत, तीसच्या दशकातल्या सरकारी फोटोग्राफरांनी मुख्यतः फिल्म वापरली. हसू नसणं ही तर खूणच नव्हे. त्या काळी फोटोसाठी हसायची रीत नव्हती. लग्नाच्या फोटोतही माणसं अशीच बसायची. त्यावरून कोणाचं दुःख मोजू नये.

जमिनीतला फरक थोडा जास्त बोलतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची. अट अशी की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. पण घर बांधणार कशाचं? झाडं फक्त ओढ्याकाठी, तीही मोजकी. म्हणून लोकांनी गवताची जमीनच कापली. खास नांगरानं साधारण फूटभर रुंदीचे पट्टे काढायचे, त्यांचे दोन-तीन फूट लांबीचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. गवताच्या मुळांचं जाळं इतकं दाट की तुकडा हातात फुटत नसे. या ढेकळांना लोक 'नेब्रास्काचा संगमरवर' म्हणत आणि अशा घराला 'सोडी'. भिंती दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पावसात मात्र छत गळायचं, आणि भिंतींतून उंदीर-साप निघायचे. पुन्हा एकदा तो फोटो बघा. मुळांनी माती इतकी घट्ट धरून ठेवली आहे की तिच्या भिंती उभ्या राहिल्यात. डस्ट बोलच्या फोटोत ती धरून ठेवणारी मुळंच उरलेली नाहीत. सोडीच्या फोटोवर 'उडालेली माती' असं लिहिणं म्हणजे फोटोकडे पाहिलंच नाही.

पण खरा घोळ याच्याही पुढचा आहे, आणि साल बरोबर लिहिणारेही त्यात अडकतात. दोन्ही फोटो 'गरिबीचे' म्हणून वाचले जातात. माझं म्हणणं ठाम आहे: या दोन फोटोंत काय दाखवायचं हे कोणी ठरवलं, तिथेच ते मुळात वेगळे होतात.

बुचर १८८० मध्ये नेब्रास्कात आला. शेतीत त्याचा जीव रमला नाही. १८८६ मध्ये त्यानं कस्टर काउंटीचा इतिहास फोटोंसह छापायचं मनावर घेतलं आणि घोडागाडीत कॅमेरा घालून तो घरोघर फिरू लागला. लोक त्याला जेवू घालायचे, रात्री राहू द्यायचे, पुस्तकासाठी पैसे द्यायचे. तो फोटो कुटुंबाचा असायचा. आपल्याकडे काय आहे ते पूर्वेकडच्या नातेवाइकांना दिसावं म्हणून लोक ते बाहेर आणून ठेवायचे: घोडे, शिवणयंत्र, पक्ष्याचा पिंजरा, ठेवणीतले कपडे.

१८८६ चा रॉडिंग कुटुंबाचा फोटो जवळून पाहण्यासारखा आहे. घराबाहेर टेबल मांडलंय, टेबलावर कलिंगड आहे. घर उताराला टेकून बांधलेलं, त्यामुळे मागची गाय छतावरच उभी असल्यासारखी दिसते. सिल्वेस्टर रॉडिंगच्या कपाळावर एक टेंगूळ आहे, यादवी युद्धातल्या गोळीचं. 'दुष्काळाने पिचलेलं कुटुंब' या मथळ्याखाली मी हा फोटो पाहिलाय, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. या माणसांनी कलिंगड मुद्दाम टेबलावर ठेवलं. कोरड्या मानल्या गेलेल्या जमिनीत पीक आलंय, हेच त्यांना सांगायचं होतं.

हिल्टन बाईंचा फोटो तर सगळा प्रश्न निकालात काढतो. त्यांच्याकडे पायपेटीचा ऑर्गन होता, तो नातेवाइकांना दाखवायचा होता. सोडीचं घर मात्र अजिबात दाखवायचं नव्हतं. मग तो जड ऑर्गन अंगणात ओढत आणला, कुटुंब त्याच्याभोवती उभं राहिलं, मागे जनावरं, फोटो निघाला, आणि ऑर्गन पुन्हा आत गेला. घराची लाज वाटत होती हे खरंच. पण काय दिसावं आणि काय नाही हे त्या बाईंनी ठरवलं, आणि फोटोग्राफरनं ऐकलं. त्याच १८८६ सालच्या क्रिसमन बहिणींच्या फोटोत चार बहिणी सोडीसमोर उभ्या आहेत. एकवीस वर्षांवरच्या अविवाहित स्त्रीला होमस्टेड कायद्याखाली स्वतःच्या नावावर जमीन मागता येत असे, आणि थोरल्या बहिणींनी पुढे ती मागितली. यांना 'बिचाऱ्या' म्हणू नका.

आता दुसरी बाजू. १९३५ पासून सरकारी फोटो-प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली सरकारी फोटोग्राफर देशभर फिरले. शेतकऱ्यांना मदतीची गरज आहे हे शहरी मतदाराला आणि संसदेला पटवायचं, हा त्या कामाचा एक मोठा हेतू. हेतू चांगलाच होता, आणि हे फोटो थोर आहेत यात मला शंका नाही. पण काय दाखवायचं ते फोटोतली माणसं ठरवत नव्हती. आर्थर रोथस्टाइन यांचा एप्रिल १९३६ चा फोटो घ्या: ओक्लाहोमाच्या सिमॅरन काउंटीत धुळीतून चाललेला बाप आणि दोन मुलं. बापानं पुढे झुकावं, धाकट्यानं डोळ्यांवर हात धरावा, असं सुचवल्याचं पुढे रोथस्टाइन यांनीच लिहिलंय. धूळ खरी, घर खरं, चालण्याची ढब सांगितलेली.

सगळ्यात प्रसिद्ध फोटो म्हणजे डोरोथिया लँग यांची 'स्थलांतरित आई'. तो प्रेअरीवरचा नाहीच. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तो काढला. त्यातल्या फ्लोरेन्स थॉम्प्सन मूळच्या ओक्लाहोमाच्या, चेरोकी वंशाच्या. पण त्या कॅलिफोर्नियात आल्या १९२० च्या दशकात, धुळीची वादळं सुरू व्हायच्या आधी. लँग यांनी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये थॉम्प्सन यांचं नाव पुढे आलं तेव्हा, हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांनी सांगितलं. हिल्टन बाईंचा शब्द चालला, थॉम्प्सन बाईंना कोणी विचारलंही नाही. दोन्ही फोटो 'प्रेअरीची सोशिक स्त्री' या एकाच मथळ्याखाली टाकले की हाच फरक पुसला जातो.

म्हणजे बुचरचे फोटो निर्मळ सत्य, असंही नाही. त्यानं काही निगेटिव्हवर हातानं पक्षी काढले. कुंपणाच्या तारा तोडणाऱ्या शेतकऱ्यांचा त्याचा प्रसिद्ध फोटो १८८५ च्या घटनेचा म्हणून दिला जातो. तो १९०० च्या सुमारास मुद्दाम उभा केलेला प्रसंग आहे. आणि 'ओसाड, रिकाम्या माळावर आलेले पहिले लोक' ही कॅप्शन तर मला मुळीच चालत नाही. तो मुलूख पॉनी आणि लाकोटा या मूळ रहिवाशांच्या शिकारीचा होता. पॉनी स्वतः मातीची मोठी गोल घरं बांधत, आणि १८७० च्या दशकात त्यांना दक्षिणेकडे हलवण्यात आलं. बुचरची चौकट त्यानंतरची आहे.

या फोटोंबरोबर जी दोन वाक्यं फिरतात त्यांतही हाच घोळ होतो. 'नांगरामागे पाऊस येतो' (म्हणजे जमीन नांगरली की पाऊस वाढतो) हे वाक्य सहदेव-भाडळीच्या वचनासारखं, शेतकऱ्यांच्या अनुभवातून आलेलं म्हणून दिलं जातं. ते तसं नाही. जमिनीच्या विक्रीत रस असलेल्या चार्ल्स डेना विल्बर यांनी ते १८८१ मध्ये छापून रूढ केलं, आणि नेब्रास्का विद्यापीठातले सॅम्युएल ऑघी यांनी त्याला शास्त्राचा आधार दिला. १८७० च्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही वर्षं पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे ते खरं वाटलं. कस्टर काउंटी शंभराव्या रेखावृत्ताच्या आसपास, म्हणजे भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच जिथून पुढे पावसाच्या भरवशावर शेती धोक्याची म्हटलं होतं त्या सीमेवर. १८९० च्या दशकातल्या दुष्काळात शेकडो कुटुंबं परत फिरली, आणि कॅन्ससातून परतणाऱ्या गाड्यांवर रंगवलेलं वाक्य होतं: 'देवावर भरवसा ठेवला, कॅन्ससात दिवाळं निघालं'. मूळ इंग्रजीत त्याला यमक आहे, आणि ते कोणी लिहिलं ते कोणालाच सांगता येत नाही. लोकांची म्हण हवी असेल तर ही घ्या. पहिलं वाक्य जाहिरात आहे, ते जाहिरात म्हणूनच छापा.

फोटो पुढे पाठवायचा असेल तर काउंटी, साल आणि काढणाऱ्याचं नाव शोधायला दहा मिनिटं लागतात. बुचरचा संग्रह लिंकनमध्ये नेब्रास्का राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहे, सरकारी फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. दोन्ही घरबसल्या पाहता येतात. बुचरच्या काचा स्कॅन केल्यावर अंधाऱ्या दारांच्या आतलं सामानही दिसू लागलंय, तेव्हा छोटी, पुसट प्रत पाठवण्यापेक्षा मोठी प्रत उघडा आणि दाराच्या आत बघा.