अंकांची डावी चाल: कोड्यातल्या खजिन्यामागचा खान्देश

‘रसगुणपूर्णमही’ हा शब्द पहिल्यांदा वाचला की काहीच हाती लागत नाही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे पृथ्वी, ती एक. ६, ३, ०, १. आता उजवीकडून डावीकडे वाचा: १०३६. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपलं जन्मसाल असं सांगून ठेवलं आहे. त्यांना ते लपवायचं नव्हतं. वस्तूंच्या नावांनी आकडे सांगायची ही भूतसंख्येची पद्धत, श्लोकाच्या छंदात अंक बसावेत म्हणून पडलेली. पण आज जगभर लोक कोडी सोडवून रानात लपवलेले डबे शोधतात, त्या खेळाचं अर्धं मर्म या एका शब्दात आहे. आकडा डोळ्यांसमोर असतो, पण किल्ली माहीत असल्याशिवाय दिसत नाही.

उरलेलं अर्धं मर्म म्हणजे नेमकी जागा. ते फार उशिरा हाती आलं. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा सामान्य माणसाला मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. २ मे २००० रोजी ही अडवणूक उठली आणि चूक दहावीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, काही पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याचा डबा होता. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले. अट एवढीच, काही घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा. माइक टीग यांनी ती पहिल्यांदा शोधली. महिना संपायच्या आत मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं, तेच रूढ झालं. ती पहिली बादली अर्धी मातीत पुरलेली होती. पुढे मात्र डबा पुरायचा नाही आणि जागामालकाची परवानगी घ्यायची, असे नियम ठरले.

याला एक जुनी वाटही होती. १८५४ मध्ये इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली, पोचलेल्याने आपलं कार्ड आत टाकावं म्हणून. त्यातून खुणा ओळखत पेट्या शोधायचा छंद वाढला. जिओकॅशिंगमध्ये कोडी शिरली ती याच स्वभावाची. कोड्याच्या डब्याची जाहीर केलेली जागा खोटी असते, नकाशावर तिथे प्रश्नचिन्ह. खरी जागा तिथून साधारण तीन किलोमीटरच्या आत, आणि तिचे आकडे कोड्यात दडवलेले. अंश, मिनिटं आणि मिनिटांचे तीन दशांश असा तो आकडा लिहितात. अक्षांशातला शेवटचा अंक एकाने चुकला तर फरक पावणेदोन-दोन मीटरचा, पहिला दशांश चुकला तर जवळजवळ दोनशे मीटरचा.

आता खान्देशाकडे येतो. भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडवीड असं सांगतात. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला, हे शिलालेखच सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. संस्कृत मजकुराच्या शेवटी मराठीही येते आणि मठाला कुणी काय द्यायचं ते सांगते. गणिताच्या शाळेचा खर्च दगडावर कोरून ठेवणारा हा मुलूख आहे, हे मला पाटणादेवीला गेलं की दर वेळी नव्याने जाणवतं.

जागा मोजण्याची तर गंमत अशी, की आपल्या ज्योतिषांची शून्य रेखा ग्रीनिचवरून जात नव्हती, ती उज्जयिनीवरून जायची. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, मेरू अशी ती रेषा भास्कराचार्यांनीही दिली आहे. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.७८ पूर्व. भुसावळचेही जवळपास तेवढेच. भुसावळ स्टेशनवर गाडी बदलणारा माणूस, नकळत का होईना, त्या जुन्या शून्यावर उभा असतो.

सांकेतिक लेखनाचा खरा मोठा धडा मात्र महानुभावांचा. पंथाचं साहित्य परक्या हाती पडू नये म्हणून त्यांनी गुप्त लिप्या घडवल्या. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. परंपरा तिचं श्रेय रवळोव्यासांना देते. एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, अशी तिची रचना. शेकडो वर्षं पोथ्या जपल्या गेल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपलंच आद्य गद्य वाचता येत नव्हतं. हे कुलूप उघडणाऱ्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होते. अखेरची वर्षं ते धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले, आणि त्यांची दफ्तरं सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळही धुळ्यातच उभं राहिलं. अक्षराला अक्षर बदललं तरी भाषेत वारंवार येणारं अक्षर वारंवारच येत राहतं. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवलेली ही युक्ती आजही डब्यांची निम्मी कोडी फोडते.

विद्वानांपुरतंच हे नव्हतं. लहानपणी बैलबाजारात मी आजोबांचा हात दलालाच्या उपरण्याखाली जाताना पाहिला आहे. वर दोघांचे चेहरे कोरे, खाली बोटांनी भाव ठरतोय. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत तीनला उधानू, पाचला मुळू, दहाला अंगुळू म्हणायचे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत अक्षरमुष्टिका आणि म्लेच्छितविकल्प, म्हणजे बोटांची आणि बदललेल्या अक्षरांची भाषा येते, ती मला बाजारात आधी भेटली आणि पुस्तकात नंतर. आणि रात्री अंगणात आजी अहिराणी आन्हे घालायची, ती कोडीच.

खजिना या शब्दाला आपल्याकडे एक काळी बाजूही आहे. गुप्तधनाच्या नादाने पडकी देवळं उकरली गेली, भोंदूंनी माणसं नागवली. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असल्या प्रकारांची दखल घ्यावी लागली, आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवायचा हा १८७८ चा कायदाही आहेच. म्हणून सांगतो, पाटणच्या देवळांपाशी किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांत डबा ठेवू नये. दगडाला हातही लावू नये.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी भाचरांसाठी चाळीसगावकडे असा एक डबा ठेवला, भावाच्या मळ्यात, विहिरीजवळच्या निंबाच्या ढोलीत. स्टीलचा जेवणाचा डबा, आत वही आणि पेन्सिलीचा तुकडा. बाकीचे आकडे सरळ दिले, अक्षांशाचे शेवटचे तीन दशांश मात्र शब्दांत: नेत्र, ऋषी, वसू. दोन, सात, आठ हे पोरांनी पाच मिनिटांत काढलं आणि २७८ धरून निघाली. तासाभराने फोन आला, “मामा, आठे काहीच नही शे.” कोरड्या नाल्यात उभी होती, डब्यापासून अकराशे मीटर दक्षिणेला. मी एवढंच म्हटलं, भास्कराचार्यांचं जन्मसाल काढून बघा. बराच वेळ फोनवर नुसता वारा. मग मोठी भाची ओरडली, “उलटं! आठशे बाहत्तर!”

मळ्यात पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. ढोलीतून डबा काढला तेव्हा झाकणावर मुंग्यांची रांग होती. धाकट्याने ती फुंकरीने बाजूला केली. वहीत तिघांनी नावं लिहिली. त्याखाली मोठीने साल टाकलं, अंकांत नाही, शब्दांत: बाण, नेत्र, पूर्ण, नेत्र.