मालमत्ता कराचं बिल जास्त वाटतंय? आधी करपात्र मूल्य तपासा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरमालकांसाठी माहितीपत्रक

बिल हातात आलं की नजर थेट खालच्या एकूण रकमेवर जाते. 'शेजारच्यांना कमी, आम्हालाच जास्त का?' असं विचारत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही, म्हणजे घरमालकांना अशा हरकतींत मदत करणारे सल्लागार, आधी 'करपात्र मूल्य' हा रकाना शोधायला सांगतो. कराचे दर महापालिका आणि शासन ठरवतं. त्यावर एकट्या घरमालकाने हरकत घेऊन काही निघत नाही. करपात्र मूल्य मात्र तुमच्या घरापुरतं काढलेलं असतं. ते चुकलं असेल तर दुरुस्त करून मागण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.

मुंबई महापालिका २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, कर लावते. ठाणे आणि नवी मुंबईत हिशेब भाड्यावर होतो. घर वर्षभर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करपात्र मूल्य. हा नियम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूची 'ड' मध्ये आहे. त्यामुळे 'फ्लॅटची किंमत पडली' किंवा 'रेडी रेकनरचा दर कमी आहे' हे मुद्दे इथे चालत नाहीत. मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या माफीचंही तसंच. ती मुंबईच्या १८८८ च्या स्वतंत्र कायद्यातली सूट आहे, तिच्या आधारावर आपल्याकडे हरकत टिकत नाही.

चुका कुठे सापडतात

सर्वात जास्त क्षेत्रफळात. समजा तुमच्या घराची ५२ चौरस मीटरची नोंद हवी, पण दफ्तरी ६५ लागली आहे, आणि हिशेबापुरता दर महिना ६० रुपये चौरस मीटर धरला. ६५ चौरस मीटरचं वार्षिक भाडं ४६,८०० रुपये, करपात्र मूल्य ४२,१२०. ५२ चौरस मीटरचं मूल्य ३३,६९६. म्हणजे ८,४२४ रुपयांच्या जादा मूल्यावर तुम्ही दरवर्षी कर भरत राहता. प्रभाग कार्यालयातून करआकारणीचा उतारा काढा (ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येते) आणि मोजणी चटई (भिंतींच्या आतल्या) क्षेत्रफळावर आहे की बांधीव (भिंती धरून), हे विचारून घ्या. मगच करारनामा आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवून आकडे जुळवा. सिडकोचं घर असेल तर वाटपपत्रही काढा.

दुसरी चूक वापराची. ही बिलावरच ओळखता येते. रोजगार हमी कर बिगरनिवासी मालमत्तेला लागतो. राहत्या घराच्या बिलात त्या नावाची रक्कम दिसली, तर तुमचं घर किंवा त्याचा काही भाग दफ्तरी बिगरनिवासी लागला आहे. आधीच्या मालकाने दवाखाना किंवा क्लास चालवला असेल तर हमखास तपासा.

तिसरी, संपलेल्या भाडेकराराची. महिना २०,००० रुपयांनी दिलेल्या फ्लॅटचं मूल्य त्या भाड्यावर लावलं तर ते २,१६,००० होतं. भाडेकरू गेला, तुम्ही स्वतः राहायला आलात, तरी महापालिकेला ते आपोआप कळत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार संपल्याचा पुरावा, सोसायटीचं पत्र आणि तुमच्या नावाचं वीजबिल जोडून लगेच लेखी कळवा. नौपाड्यात पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींचंही हेच आहे. इमारत पाडल्याची लेखी सूचना दिली नाही, तर जुन्या घराची आकारणी चालूच राहते.

मुदत चुकवू नका

नव्याने आकारणी झाली किंवा मूल्य वाढलं की विशेष नोटीस येते. नवी मुंबई महापालिकेने लायडार (लेझर किरणांनी मोजणी) तंत्राने मालमत्तांचं सर्वेक्षण केलं आहे. घराच्या नोंदीत असा बदल सुचवणारी नोटीस आली, तर ती बाजूला ठेवू नका. अनेकदा ती वॉचमनच्या टेबलावर पडून राहते, किंवा भाडेकरूच्या हातात जाते आणि मालकापर्यंत पोहोचत नाही. पाकीट मिळाल्याची तारीख त्याच्यावरच लिहा आणि नोटिशीत छापलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी सांगणं म्हणजे हरकत नव्हे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोहोच घ्या. पुढे सुनावणीची तारीख मिळते, त्या दिवशी मूळ कागद घेऊन हजर राहा.

निकाल पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. त्याची मुदत फक्त १५ दिवसांची आहे, आधी महापालिकेकडे हरकत घेतलेली असावी लागते आणि वादातला कर भरलेला असावा लागतो. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं: हरकत दिली म्हणून बिल थांबवू नका. 'हरकत राखून भरत आहे' असं लेखी कळवून रक्कम भरा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते, आणि जिंकलेल्या हरकतीचा फायदा तिच्यातच जिरून जातो.

कधी हरकत घेऊ नये, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. बाल्कनी खोलीत घेतली असेल, गच्चीवर शेड टाकली असेल आणि दफ्तरी त्याची नोंद नसेल, तर फेरमोजणीत मूल्य वाढूही शकतं. अशा वेळी आधी घरी येऊन आम्ही टेप लावतो, आणि हरकत घेण्यात अर्थ नसेल तर तसं त्याच दिवशी सांगतो. कर किती कमी झाला त्याच्या टक्केवारीवर आम्ही फी घेत नाही. 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. चुकीची नोंद कागदावर दुरुस्त झाली तरच पुढच्या वर्षीचं बिल बरोबर येतं.

पहिल्या भेटीला चालू बिल, मागच्या वर्षीचं बिल, करारनाम्याची सूची क्रमांक २ (नोंदणीचा 'इंडेक्स टू' उतारा) आणि नोटीस आली असेल तर पाकिटासकट नोटीस, एवढं सोबत आणा. खारघर, कामोठे, कळंबोलीचं घर असेल तर फोनवरच सांगा. तो भाग २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, अर्ज तिकडे करावा लागतो.